मंगलचा नवा फ्रॉक

मंडळी, मघापासून डोकं ठिकाणावर नाही.

माझ्या डोळखांबच्या अंगणवाडीतली मंगल आज टीव्हीवर दिसली. गरीब मुलांसाठी पैसे गोळा करायचा नटनट्यांचा कार्यक्रम होता.

शूटिंगवाले आले तेव्हा, घरी पाहुणे येणार म्हणून तिच्या आईने, सखूने, तिला नवा फ्रॉक घातला होता. त्यांनी तो काढून फाटका घालायला लावला. आज तोच फाटका बघून हिरॉईन ढसाढसा रडली.

माझ्या शेजारी बसलेल्या सखूने मान खाली घातली. "बाई, फोन करून सांगा ना त्यांना, पोरीला नवा फ्रॉक हाय. आमी असं नाय ठेवत तिला."

स्क्रीनवरचा नंबर लावला. "मदत करायची असेल तर एक दाबा." पुढे माणूसच बोलत नाही.

सखू अजून माझ्या तोंडाकडे बघतेय. काय सांगू हिला?