पॅनलवरचं शंभर

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मला कुणी मागासलेली म्हणू नये. आमच्या शाळेत भिंतीवर मोठा स्मार्ट पॅनल बसला तेव्हा बाकीचे शिक्षक त्याला हात लावायला बिचकत होते, आणि मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर हृदयाचे चार कप्पे उघडून दाखवत होते. सव्वीस वर्षं मी खडूनं हृदय काढलं आणि दरवेळी ते आंब्यासारखं आलं. पॅनलवर ते धडधडतं, रक्त कुठनं कुठं जातं ते लाल-निळं दिसतं, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करून बघतात. ज्यांना यात वाईट दिसतं त्यांनी खुशाल खडू झिजवावा. माझी त्यांच्याशी भांडायची तयारी आहे.

तरीपण हे लिहायला बसले आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळं. चूक पॅनलची नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

नववीचा प्रयोग होता. पाणी किती अंशाला उकळतं ते मोजायचं, म्हणजे पाण्याचा उत्कलनांक. आधी मी तो पॅनलवर दाखवला. बोट लावलं की बर्नर पेटतो, बुडबुडे येतात आणि आकडा चढत चढत बरोबर शंभरावर थांबतो. मग पोरांना खरं पाणी, खरा बर्नर आणि काचेचा थर्मामीटर दिला आणि पॅनल तसाच चालू ठेवला. सगळ्या वर्गानं थर्मामीटर पाण्यात धरला आणि आकडा भिंतीवरनं उतरवला. पॅनल यायच्या आधी पोरं तो गाईडातनं उतरवायची. मला ते माहीत होतं. उत्तर बरोबर यायचं म्हणून मी कधी खोलात गेले नव्हते.

फक्त एका पोरीनं अठ्ठ्याण्णव लिहिलं. ती रोज एसटीनं पन्हाळ्यावरनं यायची. तिच्या आईचा वर चहाचा गाडा आहे, फिरायला येणाऱ्या लोकांसाठी. पोरगी बोलायला कमी, पण बघायला पक्की. वर्गात पाल शिरली तर पहिली तिलाच दिसणार.

मी तिच्या प्रयोगवहीत अठ्ठ्याण्णवला लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, पुन्हा करा. तिनं पुन्हा केलं आणि पुन्हा अठ्ठ्याण्णव लिहिलं. मला राग आला. माझा राग लपत नाही आणि आवाज तर मैदानापर्यंत जातो.

"पॅनलवर काय दिसतंय तुला?"

"शंभर."

"मग?"

"पण थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णवच हाय मॅडम."

"थर्मामीटर जुना झालाय. डोळे तरी नवीन आहेत ना तुझे? नीट बघ की."

वर्ग हसला. ती खाली बसली. तिसऱ्यांदा वही आली तेव्हा शंभर लिहिलेलं होतं. मी त्याखाली 'उत्तम' लिहिलं, वर दोन रेघा मारल्या आणि विसरून गेले.

महिन्याभरानं शिक्षण खात्यातले साहेब आमचा डिजिटल वर्ग बघायला येणार असं ठरलं. मला हुरूप आला. नुसतं पडद्यावरचं पाणी कशाला दाखवायचं, खऱ्या पाण्याचं तापमान पॅनलवर मोठ्या अक्षरात दाखवू, असं मी ठरवलं. कागलच्या एमआयडीसीत कारखान्यांना मोजमापाची यंत्रं पुरवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडनं डिजिटल थर्मामीटर मागवला, त्याला आकड्याचा स्वतःचा छोटा पडदाही होता. त्याची सळई पाण्यात बुडवायची, वायर पॅनलला जोडायची, की आकडा भिंतीवर. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत एकटीनं करून बघितलं. पाणी खदखदून उकळलं. आकडा अठ्ठ्याण्णव पॉइंट एकवर चढला आणि तिथंच बसला. मी पाच मिनिटं वाट बघितली, पाणी बदललं, सळई पुसून परत घातली. आकडा हलला नाही.

मी तिथूनच त्या गृहस्थांना फोन लावला. "अहो, नवीन यंत्र म्हणून बिघडलेलं दिलंत तुम्ही. दोन अंश कमी दाखवतंय."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही कुठनं बोलताय?"

"शाळेतनं."

"शाळा कुठं हाय?"

"कोल्हापुरात. तुम्हाला माहीत नाही व्हय?"

"मला माहीत हाय की. पण कोल्हापूर समुद्राच्या काठावर न्हाय, हे तुम्हाला माहीत हाय काय?"

मी फोन ठेवला. आभार मानायचे राहिले, ते दुसऱ्या दिवशी मानले. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशाला उकळतं, जसजसं उंच जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश. हे वाक्य मी सव्वीस वर्षं दरवर्षी शिकवलं आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, हे भूगोलाच्या बाईंइतकंच मलाही ठाऊक आहे. पण ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटलीच नव्हती. समुद्रसपाटी पुस्तकात होती आणि कोल्हापूर खिडकीबाहेर.

हसू आलं, आणि दुसऱ्या क्षणी ती पोरगी आठवली. कपाटातनं तिची वही काढली. शंभराचा आकडा होता त्या जागी कागद झिरझिरीत झाला होता. अठ्ठ्याण्णव खोडायला तिनं खोडरबर इतकं घासलं होतं की उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसत होतं. आणि त्याखाली माझ्या लाल अक्षरात 'उत्तम'. चूक कुणाच्या हातूनही होते, त्याचं मला एवढं नाही. पण एका पोरीनं जे डोळ्यांनी बघितलं तेच लिहिलं होतं, आणि मी तिला ते खोडायला लावून वर शाबासकी दिली होती. विज्ञानाच्या बाईनं करायचं नेमकं उलटं काम मी केलं होतं. ती पुन्हा कधी स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवील का, हा प्रश्न मला घरी जाईपर्यंत सोडेना.

सकाळी हेडसरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, साहेबांना पॅनलवरचाच प्रयोग दाखवा की. तिथं शंभर येतंय. भानगड कशाला?"

"सर, पाणी उकळायला घेतलं आणि ते अठ्ठ्याण्णवला उकळलं, यात भानगड कुठं आली?"

त्यांनी पुढची फाईल उघडली. ते मला ओळखतात.

साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. मी पाणी ठेवलं, सळई सोडली आणि त्या पोरीला पुढं बोलावलं. भिंतीवर हातभर अक्षरात अठ्ठ्याण्णव पॉइंट एक असा आकडा थांबलेला होता. मी विचारलं, "पाणी किती अंशाला उकळतंय?"

तिनं पॅनलकडं बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि म्हणाली, "शंभर."

एवढा मोठा आकडा समोर असताना. एकही पोर हसलं नाही.

मी साहेबांकडं न बघता वर्गाला सांगितलं. मागच्या महिन्यात हिनं बरोबर लिहिलं होतं, मी चूक म्हटलं. तिला खोडायला लावलं. चुकले मी, आणि हिची माफी मागते. तुम्ही बाकीच्यांनी भिंतीवरनं उतरवलंत, त्याचं काय करायचं ते नंतर बघते. मग तिला म्हटलं, "आता सांग. माझ्या तोंडाकडं नको बघू, तिथं आकडा नाही."

"अठ्ठ्याण्णव पॉइंट एक," ती म्हणाली. आवाज एवढासा.

मागनं साहेबांनी विचारलं, "शंभर यायला पाहिजे ना, मॅडम?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मुद्दाम मिटलं. शेवटी वर्गातल्याच कुणीतरी समुद्रसपाटी, हवेचा दाब सगळं सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि चांगला अहवाल दिला असं ऐकलं. ती पोरगी मात्र बोलली नाही. साहेबांसमोर माफी मागून मला हलकं वाटलं होतं, पण तिचं काही परत आलं होतं असं मला वाटलं नाही.

म्हणून शनिवारी तो थर्मामीटर आणि त्याचा छोटा पडदा पिशवीत घालून तिच्या हातात दिला. म्हटलं, "पन्हाळा कोल्हापूरपेक्षा उंच आहे. तिथं किती येतं ते मोजून आण." मी घरी गणित केलं, साडेनऊशे मीटरला साधारण तीन अंश कमी, माझ्या वहीत सत्त्याण्णव लिहिलं, खाली रेघ मारली.

सोमवारी ती वही घेऊन आली. लिहिलं होतं, "ठिकाण: आईचा चहाचा गाडा, पन्हाळा. पाणी नुसतं, चहा-साखर न घालता. तीन वेळा मोजलं. शहाण्णव पॉइंट सहा." तिची आई म्हणे गिऱ्हाइकांना सांगत होती, पावणं, जरा थांबा, शाळेचं पाणी उकळतंय.

मी माझी वही काढली. खरं सांगते, यात परीक्षा घ्यायचा डाव नव्हता, मला गणिताचा अभिमान होता, एवढंच. म्हटलं, "सत्त्याण्णव यायला पाहिजे होतं गं. परत बघायचं का?"

तिनं माझ्या वहीतला आकडा नीट वाचला. मग आपली वही माझ्या पुढ्यात सरकवली.

"तुमचं गणित करून आलंय, मॅडम," ती म्हणाली. "माझं बघून आलंय."

आणि ती तिथंच उभी राहिली. खाली बघितलं नाही, बाकावर जाऊन बसली नाही. मी पेन उघडलं आणि माझ्या वहीतल्या सत्त्याण्णववर एक रेघ मारली. नुसती एक रेघ, खाली काय लिहिलं होतं ते दिसत राहील अशी. आणि शेजारी शहाण्णव पॉइंट सहा लिहिलं.