खात्रीशीर गळती

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या प्लंबरला सगळे ‘वायसर’ म्हणतात. नळाच्या पोटात बसणारी ती रबराची चकती असते ना, तसाच हा. बुटका, गोल, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा, आणि नसला की घरभर टपटप. बावीस वर्षं त्याने एका ठेकेदाराकडे काम केलं. ठेकेदाराचं शास्त्र सोपं होतं: चकती झिजली की नळ बदला, नळ झिजला की भिंत फोडा. एके दिवशी एका म्हातारीची धडधाकट भिंत फोडायला सांगितली, तेव्हा वायसरने पाना खाली ठेवला. “वायसरचं काम वायसरनेच होतं,” एवढंच म्हणाला.

ठेकेदार हसला. “दोन महिने देतो तुला. मग येशीलच परत. येताना चपला दाराबाहेर काढून ये.”

ते वाक्य वायसर विसरला नाही.

तशी या माणसाला कशाचीही किळस नाही. कोपरापर्यंत हात मोरीच्या पाइपात घालून तो बायकोला “आज भाजी कसली गं?” असं विचारू शकतो. पण जाहिरात म्हटली की त्याला शिसारी येते. इतर प्लंबरांची पत्रकं तो मेल्या उंदराची शेपटी धरावी तशी चिमटीत धरायचा. “पांढरा शर्ट बघा! प्लंबर आणि पांढरा शर्ट! आणि पाना उलटा धरलाय मेल्याने. शी!”

पण महिना गेला तरी दार कुणी वाजवेना, तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा मेहुणा मदतीला धावला.

“दाजी, तुम्ही फक्त हसा. बाकी मी बघतो.”

वायसर हसला, तर दाढ दुखत असल्यासारखा दिसला. मेहुण्याने कॉम्प्युटरवर त्याच्या ओठांचे कोपरे वर ओढले, विरळ डोक्यावर दाट केस बसवले आणि जागा पुरेना म्हणून पाना कापून टाकला. वर ठळक अक्षरांत छापलं: ‘गळती? आजच थांबवा! मुळापासून खात्रीशीर इलाज.’

“यात प्लंबर कुठंय?” त्याच्या बहिणीने, म्हणजे वायसरच्या बायकोने, विचारलं.

“ताई, तो शब्द सगळेच टाकतात. आपण वेगळे दिसायला नको?”

हजार पत्रकं वाटली गेली. पहिला फोन आला, “तेल आहे का गोळ्या?” वायसरला काही कळेना. दुसरा एका बाईंचा होता.

“गळती किती दिवसांची?” वायसरने कागद-पेन्सिल घेतली.

“बाळंतपणापासूनची.”

“कुठून होतेय?”

“कपाळाकडून.”

वायसरने फोन असा ठेवला, जणू त्यातूनच काहीतरी गळत होतं. दिवसाला सहा-सहा फोन, आणि सगळे टकलांचे! स्वतःचा तो गुळगुळीत, केसाळ फोटो दिसला की तो पत्रक उलटं करून ठेवायचा. तशात एका निवृत्त मास्तरांनी घरीच बोलावलं.

“मी नाही जात. लोकांच्या डोक्यात हात घालू आता?”

“अहो, जा तरी,” बायको म्हणाली. “टक्कल असलं म्हणून काय झालं, घरात मोरी असेलच की!”

मास्तर खिडकीपाशी उजेडात डोकं पुढे करून बसले होते. वायसरची नजर मात्र पलीकडच्या मोरीवर गेली. घोटाभर पाणी साचलेलं.

“मास्तर, हे कधीपासून?”

“ते राहू दे हो, डोक्याचं बोला!”

वायसरने जाळी उचलली, आकड्याची तार आत सोडली, दोनदा फिरवली आणि ओढली. बाहेर काय आलं ते लिहिताना मलाच उमासे येताहेत. हातभर लांब, साबणाच्या साईने माखलेलं, करड्या रंगाचं, बुळबुळीत काहीतरी. मास्तरांची बायको नाकाला पदर लावून पळाली. वायसरने ते वर्तमानपत्रावर नीट पसरलं, कापड दुकानदाराने साडी पसरावी तसं.

“घ्या. तीस वर्षांची गळती. सगळी जागच्या जागी आहे.”

मास्तरांनी वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, “म्हणजे केस गेले नव्हते तर कुठे!”

ते घेऊन वायसर घरी आला आणि फडताळातली काचेची बरणी रिकामी केली. “माझी साखरेची बरणी!” म्हणून बायको जी किंचाळली, ती पुढे तीन दिवस बोललीच नाही. बरणी रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली गेली, शेजारी खडूने लिहिलेली पाटी: ‘हे एका मोरीतून निघालं. तुमच्या मोरीत काय आहे? प्लंबर.’ खाली फोन नंबर.

लोक थुंकले. शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी दाखवायला पाहुण्यांना घेऊन आले. मी जिना उतरताना मान फिरवायचो. चौथ्या दिवशी मीच त्याला वर बोलावलं. मग फोन सुरू झाले, दबक्या आवाजातले.

“भाऊ, ते बरणीतलं... आमच्याकडे तसं नसेल ना?”

“असतंच.”

दोन महिने भरायला एक दिवस उरला असताना एका बाईंचा फोन आला. पत्ता वायसरच्या चांगलाच ओळखीचा निघाला. तरी गेला. पाय चिखलाचे, म्हणून चपला दाराबाहेर काढल्या.

“आलास?” सोफ्यावर बसूनच ठेकेदार गरजला. “म्हटलं नव्हतं मी?”

“अहो, मी बोलावलंय त्यांना!” आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. “तुमच्या माणसांना सांगून महिना झाला. भिंत फोडायची म्हणतात मेले! आधी मोरी दाखवा त्यांना.”

तार आत गेली, दोनदा फिरली, बाहेर आली. वायसरने वर्तमानपत्र पसरलं. घाण तीच, वास तोच, फक्त केस आखूड. टोकं काळीकुळकुळीत, मुळं पांढरीफटक. ठेकेदाराचा हात आपसूक आपल्या काळ्याभोर डोक्यावर गेला.

“बरणीत भरून नेऊ?” वायसरने अदबीने विचारलं. “खिडकीत जागा आहे अजून.”

“नको, नको! इथेच ठेव रे बाबा!”

बाहेर येऊन वायसरने चपला घातल्या आणि हसला. कोपरे आपोआप वर गेले होते. मेहुणा जवळ नव्हता, हे बरं झालं.