तोरणातले पांढरे मणी

दादाचा अकोल्याहून फोन आला, "पोरीच्या हळदीला दारावर आईच्या हातचं मण्यांचं तोरण पाहिजे. फोटो मस्त येतात." आई कशी आहे, एवढंही विचारलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, थांब लेका, असं तोरण देते की जन्मभर ध्यानात राहील!

वर्षापूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अमरावतीत माझ्याकडे. दादा दोन तासांवर, पण आला दोनदा. मोबाइलवर मात्र रोज आईच्या नावाने गळा काढायचा. सेमाडोहला जंगल पाहायला गेला, तर तिथून पोस्ट टाकली, "मन मात्र आईच्या पायाशी." परतवाड्याहून आमचं घर तासाभरावर. गाडी वळवली नाही मेल्याने.

आई नि मी तोरणाला बसलो तेव्हा मी त्याच्या वर्षभराच्या पोस्टी एकेक करून वाचायची आणि मणी उचलायची. मायेचा लाल, मोठेपणाचा पिवळा, रडगाण्याचा निळा. मी लाल उचलला की आई हात धरायची, "हे माया नाई, मोठेपणा हाये. पिवळा घे." पिवळ्याची दुसरी पुडी आणावी लागली. दादा खरंच आला त्या दिवसांचे पांढरे, दोनच. साऱ्या भावकीसमोर या रंगांचा अर्थ सांगायचा, असं मी ठरवलं होतं.

"काहून पोराची इज्जत काढून राहिली?" आई म्हणाली.

"तुले त्याचा लय पुळका!"

तिने मण्यांच्या पुड्या आपल्याकडे ओढल्या. शेवटच्या दोन लडी मी शाळेत शिकवायला गेले तेव्हा तिनेच ओवल्या. मी न पाहताच तोरण जुन्या लुगड्यात बांधलं.

हळदीच्या दिवशी दादाने तोरण दाराला लावलं आणि मोबाइल धरून लाइव्ह सुरू केलं, "मित्रांनो, माझ्या आईच्या हातचं तोरण!" आयतीच संधी. मी पुढे होऊन एकेक रंग सांगितला. "अन् पांढरे म्हणजे दादा आईले भेटायले आला ते दिवस. मोजा बरं!"

काकूने चष्मा लावून मोजले. तेरा निघाले. माझं तोंड उघडंच राहिलं. दादाची छाती फुगली, "पाहा, तेरा वेळा!" शेवटी म्हातारीने पोरावर पांघरूण घातलंच, असं वाटून मला रडूच आलं.

तेवढ्यात आई खुर्चीतून म्हणाली, "तुये दोनच हायेत, बाबू. अकरा म्या ओवले. येतो म्हणाला अन् आला नाई, त्या दिवसांचे. नवं लुगडं नेसून दारात बसली होती मी."

दादा मोबाइल बंद करायला धडपडत होता, पण लाइव्ह चालूच होतं, आणि त्यावर लोकांचे लाल बदाम वर चढून राहिले होते. बरी जिरली! याहून मोठा सूड मलाही सुचला नसता.

पण शाळेतून आल्यावर मी कधी कधी आईला विचारायची, "आज नवं लुगडं काहून?" ती म्हणायची, "जुनं वाळलं नाई." अकरा वेळा मी ते खरं मानलं.