कड्यातलं कुंकू

सासूबाईंना दुपारच्या गाडीनं नागपूरला न्यायचं होतं. हृदयाचं ऑपरेशन होतं. जाण्याआधी त्यांचा एकच हट्ट होता, सासऱ्यांच्या मोठ्या कॅमेऱ्यानं आपला फोटो काढायचा. सासऱ्यांचं पावर हाउसच्या बाजारात फोटोचं दुकान होतं. भिंतीवरचा हार घातलेला त्यांचा फोटो त्याच कॅमेऱ्यातला.

"त्याइच्या बाजूले मोबाइलचा फोटो टांगाल का?" त्या म्हणाल्या. ऑपरेशनमधून उठल्या नाहीत तर, असं त्यांना म्हणायचं होतं.

कॅमेऱ्याचं भिंग ज्या लाकडी फळीवर बसवलेलं होतं, तिला तडा गेला होता. उजेड आत शिरून फोटो खराब व्हायचा. यांनी नवी फळी तासून, मधे गोल भोक पाडून ठेवली होती. आता जुन्या फळीवरून पुढच्या-मागच्या भिंगांमधलं शटर काढून नवीवर बसवायचं राहिलं होतं. शटरचा मागचा भाग भोकातून बाहेर येतो आणि मागून पितळी कडं फिरवून आवळतात. काम तेवढंच. पण यांचे हात हल्ली थरथरतात.

पुढचं आणि मागचं भिंग यांनी फिरवून काढलं. मागच्या भिंगाखालची पातळ चकती बशीत ठेवली. कड्याला पाना लावला. कडं हललं नाही. पाना घसरला आणि लाकडावर चरा उमटला. बोटभर आत गेला असता तर शटरच्या उघड्या पाकळ्या गेल्या असत्या. त्या कागदाहून पातळ.

आईला न्यायला नागपूरहून आलेले माझे दीर घड्याळ बघत होते. "दादा, मोबाइल काढू का? गाडी आपल्यासाठी थांबून राहीन का?"

"तू चूप बस."

"मी तं चूपच हाओ. तुहा पानाच बोलून राहिला."

यांनी फळी उजेडात धरली. कड्याच्या कडेला लाल काहीतरी होतं.

"कुंकू असन," सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "विश्वकर्मा पूजेले लावत होती मी. काचेले बोट नको लावू म्हणत ते. म्हणून मांगच्या कड्याले लावे."

सासरे असेपर्यंत दर पूजेला तेलात कालवलेलं कुंकू. ते गेल्यावर तिथं कुणाचं बोट गेलं नाही. आट्यांत सुकून त्याचा दगड झाला होता.

"तेल सोडता येत नाही," हे म्हणाले. "पाकळ्यांत गेलं का शटर चिपकते." मग माझ्याकडे बघितलं. "तू कर."

"माझ्याच्यानं नाही होणार."

"ब्लाउजचे हुक कोण लावते, मी?"

दीर हसले. माझे कान तापले. सासूबाईंसमोर मी कधी खुर्चीवरसुद्धा बसत नाही. मी खालीच बसले, मंगळसूत्रातली पिन काढली आणि फळी डोक्यावर धरून खालून कडं खरवडू लागले. वरून खरवडलं असतं तर भुकटी पाकळ्यांत पडली असती. ती माझ्या मांडीवर पडत होती. मान भरून आली.

मग पाना हातात घेतला. लोणच्याची बरणी उघडत नसली की मी झाकण आधी जरा आवळते, मग सोडवते. तसंच केलं. काही नाही. परत केलं. करकर वाजलं आणि कडं सरकलं.

"फिरलं," हे हळूच म्हणाले.

शटर नव्या फळीत बसवून मी कडं आवळलं. हे मागचं भिंग फिरवायला लागले.

"बशीतलं?" मी म्हणाले.

ते थबकले. चकती बशीतच राहिली असती तर फोटो धूसर आला असता.

मांडीवरची भुकटी झटकायला मी नळाकडे निघाले, तर सासूबाईंनी हात पुढे केला. "फेकू नको. दे इकडे."

ती त्यांनी पदराच्या टोकात बांधली, गाठ मुठीत धरली आणि अंगणात भिंतीपाशी बसल्या. "श्वास रोकू का? डॉक्टरनं दमू नको म्हटलं."

"रोक, माय. एवढाच," हे कॅमेऱ्यामागून म्हणाले.

शटर वाजलं. दीर ऑटो आणायला पळाले.

फोटो यांनी न्हाणीघरात धुतला. ऑपरेशन झाल्यावर दिरांचा फोन आला, आणि त्यांच्या हातून फोन घेऊन सासूबाईंनी बारीक आवाजात आधी फोटोचंच विचारलं.

यांनी फोटो उजेडात धरला आणि फोन माझ्या हातात दिला.

"चांगला आला," मी म्हणाले. "मुठीतली गाठसुद्धा दिसते."