इंदूच्या दारातला बैल

आधी चहा घ्या हातात, मग सांगतो. कप हातात असला म्हणजे माणूस जोरात हसत नाही, एवढाच माझा स्वार्थ. कारण ही फजिती माझी स्वतःची आहे. इतकी वर्षं झाली, तरी आठवली की माझे कान गरम होतात.

साठ-सत्तरच्या मधली गोष्ट. मी जळगावला एका कचेरीत कारकून होतो. कचेरीत मला शिपाईसुद्धा विचारत नव्हता. पण आमच्या पेठेतल्या वाचनालयात मी म्हणजे मोठी असामी! कशामुळे? फळ्यामुळे.

वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगात कायमचं रंगवलेलं, 'नुकतेच वाचलेले पुस्तक'. दर शनिवारी कुणातरी सभासदाने त्यावर खडूने आपलं मत लिहायचं, असा रिवाज. लोक काय लिहायचे? 'पुस्तक छान आहे.' 'शेवटी रडू आले.' 'सदतिसाव्या पानावर वरणाचा डाग आहे.' बस्स!

आणि मी? माझ्या अभिप्रायात 'भेदक' असायचं, 'जाणीव' असायची आणि 'पोकळी' तर हटकून असायची. ग्रंथपाल आबा एकदा म्हणालेसुद्धा, "भाऊसाहेब, या पोकळीपायी माझे खडू संपायला लागले हो."

खरं सांगू का? त्या दिवसांत नवं साहित्य नुकतंच आमच्याकडे पोचलं होतं. कथेला शेवट नाही, माणसाला नाव नाही, वाक्याला कर्ता नाही. ते वाचून डोकं गरगरायचं. पण 'मला कळलं नाही' असं म्हणायची माझी छाती नव्हती. अडाणी ठरलो तर? म्हणून मला सगळंच कळायचं!

तर त्या उन्हाळ्यात आबांनी फाटकी पुस्तकं बांधायला दिली. बाइंडरने ती उसवली, पुन्हा शिवली आणि सगळ्यांना सारखेच करडे पुठ्ठे आणि काळ्या कापडाची पाठ लावून परत पाठवली. त्यातलं एक मी घरी आणलं. 'दाराआडची इंदू'. लिहिणारे सावद्याचे नाना गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांचं हे एकुलतं एक पुस्तक. बारा वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं, शिवण कुरतडली ती उंदरांनी.

वाचायला बसलो. इंदू नावाची बाई गावाकडच्या घरात एकटी राहते, कुणाची तरी वाट बघते. साधीसुधी गोष्ट. पण साठाव्या पानाच्या आसपास माझे डोळे भरून आले, लपवत नाही. आणि मग आलं पान एकशे बारा. दारावर थाप पडते. इंदू कडी काढते. शेवटच्या ओळी अशा होत्या, 'दारात तो उभा होता. इतक्या वर्षांनी! त्याचा उजवा'

पान उलटलं. एकशे तेरा.

'पाय सुजल्यास मिठाच्या कोमट पाण्याने शेकावा व दोन दिवस औतास जुंपू नये.'

मी दचकलो. पुढे वाचलं. सकाळ-संध्याकाळ सरकीची ढेप द्यावी. गोठा कोरडा ठेवावा. जिभेवर फोड आल्यास हळद लावावी. असं थेट शेवटपर्यंत! इंदूचा पत्ता नाही. पानांचे आकडे पाहिले, तर बरोबर. एकशे बारानंतर एकशे तेराच.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? आबांकडे गेला असतात. कुणीही गेला असता. सुमन, म्हणजे माझी बायको, तिलाही शंका आली. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, शाळा सातवीपर्यंत. स्वयंपाक उरकला की मी आणलेलं पुस्तक तीही वाचायची. दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

"अहो, इंदू कोठे गई?"

"कुठे म्हणजे? तिथेच आहे."

"आठे तर बठ्ठी ढोरंसनी गोष्ट शे! माले वाटस, दोन पुस्तकं एकजागे शिवाई गयात."

मी हसलो. कसा हसलो म्हणून सांगू! त्या हसण्याची मला आज जितकी लाज वाटते, तितकी पुढच्या कशाचीही वाटत नाही. म्हणालो, "तुला नाही कळायचं. नवं साहित्य आहे हे."

तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाणी भरायला गेली.

शनिवारी मी फळा भरून काढला. 'दारात उभा राहिलेला नवरा अकस्मात बैल होतो! संसाराच्या औताचे इतके भेदक दर्शन मराठीत झाले नव्हते. ढेप हे प्रतीक तर केवळ अजोड.' वगैरे. साठाव्या पानावर रडलो, हे लिहिलं नाही. रडणं जुन्या वळणाचं वाटलं असतं ना!

झालं! पेठेत चर्चा सुरू झाली. कॉलेजातली पोरं फळ्यावरचं वहीत उतरवून घेऊ लागली. आबांना एवढा आनंद झाला, की त्यांनी परस्पर नाना गुरुजींना कार्ड टाकलं, 'आपल्या कादंबरीवर जाहीर व्याख्यान ठेवले आहे, अवश्य यावे.' व्याख्याता कोण? मीच.

गुरुजींचं उत्तर आलं. पाटीवर गिरवावं तसं गोल अक्षर. 'आपले कार्ड मी तीनदा वाचले. माझ्या पुस्तकास एक वाचक मिळाला, यापरते मला काही नको. येतो.'

ते कार्ड मी खिशात घालून गावभर मिरवलो. मिरवलो, हाच शब्द खरा.

रविवारी संध्याकाळी वाचनालयाचा हॉल भरला. गुरुजी सावद्याहून एस.टी.ने आले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा आणि काखेत फडक्यात गुंडाळलेली स्वतःची प्रत. सत्तरीचा माणूस, पण पहिल्या दिवशी शाळेत आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला होता. बायकांच्या बाजूला सुमन होती. मागच्या बाकावर तुळशीराम, आमचा दूधवाला. तो वाचनालयाचा सभासद आहे, हे मला त्या दिवशीच कळलं.

मी उभा राहिलो. अर्धा तास बोललो. बैल, औत, गोठा, हळद! गुरुजींचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला. मला वाटलं, भारावले! मी आणखी चढलो. ढेपेचा उतारा तर अभिनय करून वाचला.

तेव्हा गुरुजी हळूच उठले. "माफ करा हं. पण हे मी लिहिलेलं नाही."

झाकली मूठ अजूनही झाकलेली राहिली असती. 'असं होय? बघू बरं' म्हणालो असतो, तर निम्म्यात सुटलो असतो. पण नाही! मी त्या म्हाताऱ्या माणसाकडे प्रेमाने पाहून म्हणालो, "गुरुजी, मोठ्या लेखकाचं असंच असतं. आपण काय लिहून गेलो, हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं!"

कॉलेजातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी क्षणभर खाली बसले. मग फडकं सोडून त्यांनी स्वतःची प्रत उघडली आणि वर्गात वाचावं तसं सावकाश वाचलं.

"'दारात तो उभा होता. इतक्या वर्षांनी! त्याचा उजवा हात तिने आधी ओळखला. याच हाताने भावाने तिला पाटीवर पहिलं अक्षर गिरवून दिलं होतं.'"

आणि मागून तुळशीराम ओरडला, "थांबा, थांबा गुरुजी! हाई तर मना पुस्तकमा शे!"

त्याने पिशवीतून करड्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. 'गुराढोरांची निगा'. ते परत करायला आणलं होतं बिचाऱ्याने. "म्हैसना इलाज सोधत व्हतू. निम्मं पुस्तक झायं आनि एक बाई भाऊले दखस, रडस! मी बी रडनू. मना मनमा वनं, तिनी म्हैस मरी गई व्हई."

आबांनी कपाळावर हात मारला. बाइंडरने एकाच आकाराची दोन पुस्तकं उसवली होती आणि शिवताना याचं धड त्याला, त्याचं याला! सगळा हॉल हसत सुटला. कॉलेजातली पोरं तर बाकावर लोळायची तेवढी राहिली.

एकटे गुरुजी हसत नव्हते. ते तुळशीरामला विचारत होते, "रडलात? खरंच?"

"खरंच गुरुजी. दोनदाव रडनू."

मग गुरुजी माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर राग नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्हाला वाचताना एकदाही शंका आली नाही?"

थाप मारायला जागाच उरली नव्हती. मी म्हणालो, "मला नाही आली. माझ्या बायकोला आली होती. ती बोलली होती मला."

गुरुजी बायकांच्या बाजूला गेले आणि आपली प्रत त्यांनी सुमनच्या हातात ठेवली. "ताई, माझ्याकडची ही शेवटची. राहिलेलं वाचा."

मी त्यांना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेलो. बस लागल्यावर ते बोलले. "इंदू माझी धाकटी बहीण. मी तिच्याकडे पोचलो तेव्हा उशीर झाला होता, दार उघडायला कोणी नव्हतं. म्हणून ते पान लिहिलं. पुस्तकात तरी वेळेवर पोचलो." मग म्हणाले, "बैलाचं जाऊ द्या. पहिलं अर्धं माझंच होतं. ते कसं वाटलं, हे काही बोलला नाहीत तुम्ही."

अर्धा तास बडबडलो होतो मी! त्यांच्या एका ओळीबद्दल बोललो नव्हतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"साठाव्या पानावर रडलो, गुरुजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकलेल्या गणिताच्या पाटीकडे बघतात, तसं. "मग फळ्यावर तेच लिहायचं की. एका ओळीत मावलं असतं."

बस सुटली.

घरी आलो तर सुमन चुलीपुढे पाटावर बसून वाचत होती. एका हाताने पान धरलेलं, दुसऱ्या हाताने पदराने डोळे पुसणं चाललेलं. भाकरी तव्यावर करपली होती. मी हळूच जवळ जाऊन बसलो. आता मलाही राहवेना. भाऊ दारात आला, पुढे काय झालं? इंदू काय बोलली?

"अगं, पुढे काय होतं?"

तिने मान वर केली नाही. पान उलटलं आणि शांतपणे म्हणाली, "तुम्हले नही समजनार. नवं साहित्य शे हाई."