फ्लेक्सवरची आई

सकाळी शिकवण्या, दुपारी मंगळवार पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात मजकूर लिहिणं, संध्याकाळी साडीच्या दुकानाच्या जाहिराती. उरलेल्या वेळात कथा. म्हणजे कथा जवळजवळ नाहीच, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आज दुपारी एक काका आले. उद्या त्यांच्या आईचं रक्षाविसर्जन, श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. घाईत मी नेहमीचं टाकलं, 'शांत, मनमिळाऊ माऊली.'

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. "ताई, ही आमची आई न्हाय."

मी घाबरले. "फोटो चुकला का?"

"फोटो बरोबर हाय. पण शांत कुठली? सगळ्या गल्लीशी भांडायची की!"

मी ओशाळले. मला घरी आत्यानं अक्षरं शिकवली, तेव्हाच बजावलं होतं, माहीत नाही ते लिहू नकोस. मग विचारलं, "भांडण झाल्यावर काय करायच्या?"

"दुसऱ्या दिवशी त्याच घरात आमटीचा डबा धाडायची."

मी लिहिलं, 'भांडली त्या प्रत्येक घरी दुसऱ्या दिवशी हिच्या हातची आमटी पोचली.'

मालक ओरडले, "फ्लेक्सवर भांडणं लिहित्यात व्हय?"

"ऱ्हाऊ दे, मालक. गल्ली वळखंल तिला," काका म्हणाले आणि डोळे पुसले.

घरी येऊन तीन महिने अडलेली कथा उघडली. कामांमुळे ती अडली, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण आज दिसलं, खरी अडचण ती नव्हती; कथेतली आई एकदाही कुणावर चिडत नाही. आज तिला शेजारणीशी कडाकडा भांडायला लावलं, आणि दोन पानं झाली.

तुमच्या घरच्या माणसाबद्दल एकच खरं वाक्य लिहायचं झालं, तर काय लिहाल?