परातीतल्या चकत्या

चिंचवडच्या रेल्वे फाटकाजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये, आम्ही पाच माणसं दिवसभर लोखंड कापायचो. शेठ त्याला कारखाना म्हणायचा. पावसाळ्यात आत बेडूक यायचे, उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो. पण बाहेर पाटी होती आणि आत विजेची मोटर होती. पन्नासच्या दशकात आमच्या भागात एवढं असलं की त्याला कारखाना म्हणायला कुणाची हरकत नसे.

मोटरीला पट्टा, पट्ट्यावर फिरणारा कटर, कटरला पातं. हे पातं म्हणजे दातांची करवत नव्हे. खरखरीत भुकटी दाबून केलेली, भाकरीएवढी रुंद आणि भाकरीहून पातळ चकती. ती गजात घुसली की ठिणग्यांचा असा फवारा उडायचा की रस्त्यावरचे गाडीवान बैल थांबवून बघत राहायचे. बघणारं कुणी असलं की मी गज नुसता पुढे सरकवत नसे, पेश करत असे.

कटर चालवायचा तो कुरुळीचा एक गडी. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याची सगळी मिळकत त्याच्या डोळ्यांत होती. खडूच्या रेघेची जाडी धरायची की सोडायची, हे तो पट्टी न लावता ठरवायचा आणि त्याचा गज एका सुतानेही चुकत नसे. शेठ त्याला आमच्या दीडपट पगार द्यायचा आणि रोज त्याबद्दल हळहळायचा.

दादा पात्यांच्या बाबतीत भटजीपेक्षा सोवळा. चकतीवर लिहिलेले फेरे मशीनच्या फेऱ्यांहून कमी असले तर ती परत. नवी चकती आधी मिनिटभर रिकामी फिरवायची, आणि तेव्हा समोर नाही, बाजूला उभं राहायचं. शेठने एकदा फरशी कापायच्या चकत्या स्वस्तात मिळाल्या म्हणून आणल्या. दादाने त्यांना हात लावला नाही.

"गोल आहे, फिरते आहे, अजून काय पाहिजे तुला?" शेठ म्हणाला.

"बैलगाडीचं चाक बी गोलच असतंय, शेठ. लावू का?"

चकत्या परत गेल्या. गॉगल मात्र दादाला कधीच मिळाला नाही. शेडमध्ये एकच होता आणि शेठ तो मोटारसायकलवरून पुण्याला जाताना घालायचा.

माझं काम कानाचं. गावच्या जत्रेत मी ढोलकी वाजवायचो, म्हणून दादाने मला नेमलं होतं. नवी चकती मधल्या भोकात बोट घालून लटकवायची आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी द्यायची. स्वच्छ वाजली तर धड. थप्प वाजली तर आत कुठेतरी तडा, फेकून द्यायची. मी डोळे मिटून, मान डोलावून असा निकाल द्यायचो की शेठसुद्धा चहा हातात धरून थांबायचा.

त्या वर्षी खंडेनवमीची पूजाही माझ्याकडे आली, आणि मी देखावाच उभा केला. हत्यारं धुतली, मशीनला हार घातला. एका मोठ्या परातीत हळदीचं पाणी भरलं, त्यावर झेंडू सोडले आणि त्यात शिलकीतल्या पाचही चकत्या कमळासारख्या उभ्या केल्या. फाटकावरची माणसं बघून गेली. दादा म्हणाला, "राव, देवळात बी आसं नसतंय." दसरा उलटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. चकत्या दोन दिवस अर्ध्या पाण्यात उभ्या राहिल्या.

एकादशीला काम सुरू झालं. मशीनवरची चकती झिजून संपलेली. मी परातीतली पहिली उचलली, पुसली, टिचकी दिली. थप्प. दुसरी, थप्प. पाचही तशाच.

"कशी वाजती?" दादाने विचारलं.

शेठ दारात उभा होता. दुपारी गजांची गाडी जायची होती. आणि पाच चकत्या एकदम तडकतील कशा? मला लगेच कारण सुचलं, आणि कारण सुचलं की मला राहवत नसे.

"ओली आहे म्हणून बसलीय, दादा. ढोलकी नाही का ओली झाली की बसत? फुटलेली थोडीच असते."

"बघ बरं."

"कान माझा आहे."

दादाने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग चकतीवरची हळद अंगठ्याने पुसली, अंगठा कपाळाला लावला आणि ती चढवली. मिनिटभर रिकामी फिरवली, बाजूला उभं राहून. ती टिकली. पहिला गज कापला. दुसऱ्या गजाची रेघ बघायला तो वाकला आणि चकती फुटली. वरचा तुकडा कटरवरच्या झाकणाने अडवला. खालून निघालेला त्याच्या उजव्या डोळ्यात गेला.

ससूनमध्ये डॉक्टरांनी डोळा काढला.

आठवड्याने मी पुण्यात चकत्यांच्या दुकानदाराकडे गेलो. सगळं ऐकून त्याने एका चकतीवरचा कागद मला दाखवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं: कोरडी ठेवा. "जी बाजू पाणी पिते ती जड होते," तो म्हणाला. "शिवाय भुकटी धरून ठेवणारा बंध सुटतो. भिजलेली चकती वाळवूनही वापरायची नसते. वाजवून बघितली नव्हती का?"

मी म्हणालो, बघितली होती.

दादा दिवाळीआधी कामावर आला. एका डोळ्याला अंतर कळत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. सगळे गज बोटभर कमी निघाले. शेठने त्याला लोखंडाचा कीस झाडायला लावलं. चार दिवस झाडून तो जो गेला तो आलाच नाही.

मग मी सायकल काढून कुरुळीला गेलो. सगळं सांगायचं, अगदी परातीपासून, असं वाटेत घोकत होतो. दादा ओट्यावर बसला होता.

"डागदर म्हनला, बोटभर इकडं लागलं आसतं तर जीवच गेला आसता," तो म्हणाला. "तू पूजा मन लावून केलतीस राव. म्हून वाचलो."

आतून त्याची बायको म्हणाली, "मी बी तेच म्हनते. भावजींच्या पुन्याईनं कुकू राह्यलं."

दादा हसून मान हलवत होता. बऱ्याच दिवसांनी हसला असावा. मी घोकलेलं पहिलं वाक्य तोंडात आणलं आणि गिळलं. पाऊसपाण्याचं बोललो.

चहा आला. दादाने कपाकडे हात नेला आणि बोटं अलीकडेच मिटली. बायकोने कप त्याच्या हातात दिला, मग दुसरा मला.